शेरूचे दहा दिवस

कोलशेतला आमच्या चाळीजवळ मटणाच्या दुकानाबाहेर एक लालसर कुत्रा पडलेला असतो. मुलं त्याला शेरू म्हणतात. गेल्या पावसाळ्यात त्याने माझ्या आठ वर्षांच्या भाच्याच्या पोटरीत दात रुतवले.

अम्मी हळद घेऊन आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिरचीपूड भरा. आपाने दोघींना बाजूला सारलं आणि पोराचा पाय नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला. दोन तासांत पहिलं इंजेक्शन झालं. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती सीरमही टोचलं. पोर रडून रडून थकलं.

परत आलो तर दुकानासमोर माणसं जमलेली. दोघांच्या हातात बांबू. "मारून टाका आणि टेस्टला पाठवा, म्हणजे कळेल." खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस लहानपणापासून ऐकलेली, पण त्या संध्याकाळी आठवली नाही.

तरी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "जिवंत कुत्र्याचं रक्त तपासून रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. हा विषाणू नसांमधून मेंदूत जातो. तपासतात तो मेलेल्या जनावराचा मेंदू. डोकं बर्फात ठेवून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी न्यायचं. मेंदूच्या नमुन्यावर चमकणारं द्रव्य टाकतात, विषाणू असेल तर खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसतात. बांबूने डोकं फोडलंत तर तपासणार काय?"

"मग करायचं काय?"

"बांधून ठेवा. दहा दिवस बघा."

चावताना लाळेत विषाणू असेल, तर कुत्रा दहा दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. हा हिशेब कुत्र्यामांजराचाच, माकड किंवा मुंगसाला लावायचा नाही. आणि त्या भरवशावर इंजेक्शनं लांबवायची नाहीत, कारण लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. 2023 च्या केंद्राच्या नियमांतही रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याला मारायला सांगितलेलं नाही, वेगळं ठेवायला सांगितलंय.

दुकानदार चाचांनी शेरूला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं. "नापाक जनावर दुकानाला कशाला बांधलंत?" असं एकाने विचारलंच. चाचा म्हणाले, "रस्त्यावर होतं तेव्हा तुम्हाला चालत होतं ना?"

रोज फजरनंतर मी लांबून बघायला जायचो. पाणी पितोय हे पाहून हायसं वाटायचं. डॉक्टरांनी तेही मोडीत काढलं. पाण्याची भीती माणसाला वाटते, कुत्र्याला नाही. जबडा लोंबतोय का, चाल लडखडतेय का, आवाज बदललाय का, ते बघा. चौथ्या दिवशी शेरूने रोटीला तोंड लावलं नाही. आपाला मी सांगितलं नाही. रात्रभर झोप नाही. पाचव्या दिवशी त्याने चाचांनी टाकलेली हाडं कडाकडा फोडली.

अकराव्या दिवशी दोरी सोडली. शेरू अंग झटकून जुन्याच जागी जाऊन पडला. आपाने मात्र 14 व्या आणि 28 व्या दिवसाची इंजेक्शनंही पूर्ण करून घेतली. भाचा अजून पलीकडच्या कडेने शाळेत जातो.