एका चाकावर

चालणे म्हणजे अखंड पडत राहणे होय, असे शरीरशास्त्र जाणणारे सांगतात. एक पाय उचलला की देह पुढे कोसळू लागतो, दुसरा पाय वेळेवर पुढे येऊन त्याला सावरतो आणि सावरून होते न होते तोच पुन्हा पडण्याची सुरुवात होते. सव्वा वर्षाचे मूल ही विद्या शिकते तेव्हा सारे घर टाळ्या वाजवते. साठी उलटलेल्या माणसाने तीच विद्या नव्याने शिकावयास घेतली, तर मात्र तेच घर कपाळाला हात लावते. गेले तीन महिने आम्ही हे अनुभवीत आहोत. कारण वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आम्ही विजेच्या एकचाकीवर बसावयास, म्हणजे खरे तर उभे राहावयास, शिकत आहोत.

एकचाकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सर्कशीचा तंबू उभा राहावा, हे साहजिक आहे. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली आपली सर्कस उभी केली आणि पुढे सांगलीकडच्या मंडळींनी हा धंदा गावोगाव नेला. उंच बैठकीच्या एका चाकावर गिरक्या घेणारा विदूषक आमच्या पिढीने लहानपणी डोळे भरून पाहिला आहे. परंतु आमची एकचाकी त्या कुळातली नव्हे. हिला बैठक नाही, पायाने फिरवावे असे काही नाही, आणि हाताने धरावे असेही काही नाही. पेटीत बंद केलेले एक जाड चाक, त्याच्या दोन्ही अंगांना पावलांपुरत्या दोन फळ्या, पेटीत लिथियमची बॅटरी आणि चाकाच्या तुंब्यातच बसवलेली मोटर, एवढाच हिचा संसार. अमेरिकेतील शेन चेन यांनी 2011च्या सुमारास अशी एकचाकी बाजारात आणली. पुढे चिनी कारखान्यांनी ती नाना आकारांत काढली. आमच्याकडे आहे ती सोळा इंची असून तिचे वजन चारेक वर्षांच्या मुलाएवढे भरते. तशीच ती कडेवर घ्यावी लागते, आणि तशीच हट्टी आहे.

ही वस्तू उदयनगरात कशी आली, हा प्रश्न वाचकांना पडला असेल. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, विंध्याच्या रांगेत, नर्मदेकडे तोंड करून बसलेले हे आमचे गाव. सागवानाची राने, भिल्ल-कोरकूंच्या वस्त्या, आठवड्याचा हाट. पवार, होळकर, शिंदे यांच्या मागोमाग माळव्यात जी मराठी घरे आली आणि येथलीच झाली, त्यांपैकी आमचे एक. आमचा भाचा इंदूरला नोकरीस असतो. त्याने हौसेने हे यंत्र मागविले, तेथल्या रहदारीत ते चालविण्याचा त्याचा उत्साह आठवडाभरात मावळला, आणि “मामा, तुमच्या माळ्यावर असू द्या,” म्हणून तो ते येथे ठेवून गेला. माळ्यावर मात्र ते एक रात्रही राहिले नाही.

आता थोडे गंभीर होणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलेही. पण बंधू पुन्हा चालले नाहीत. चालता येत नव्हते म्हणून नव्हे. ते उठू लागले की चार माणसे धावत, “दादा, उठू नका, पडाल!” म्हणत. दादा बसत. हळूहळू त्यांनी उठू पाहणेच सोडले. आठ महिन्यांनी ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात ‘पडाल’ हा शब्द मंत्रासारखा जपला जातो, आणि त्या मंत्राने आमचीही चाल बदलू लागली. पावले आखूड झाली, नजर जमिनीला खिळली, जिन्यावर कठड्याची मूठ घट्ट झाली. वार्धक्याचा अभ्यास करणारे वैद्य सांगतात की पडण्याची भीती हीच पडण्याचे एक कारण असते: भिणारा माणूस कमी हिंडतो, अंग ताठ धरतो, स्नायू क्षीण होतात आणि तोल आणखी जातो. हे वाचून कळले होते. पटले ते या चाकावर.

यंत्राची युक्ती अशी. हातावर काठी उभी तोलणारे मूल काठी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हात नेते. एकचाकी तेच करते. तिच्या पोटात कल ओळखणारी इंद्रिये आहेत; ती सेकंदाला शेकडो वेळा पाहतात की स्वार पुढे झुकला की मागे, आणि मोटर चाकाला त्याच्याखाली नेऊन ठेवते. पुढे झुकावे, चाक पुढे धावते. मागे रेलावे, मंदावते. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतील द्रव हलला की मेंदूला मस्तक वळल्याचे कळते. तसाच हा यंत्राचा कान म्हणावा. फरक इतकाच की आमचा कान चौसष्ट वर्षांचा आहे आणि तिचा कालपरवाचा.

पण यंत्राचा हा कान पुढचे आणि मागचे एवढेच ऐकतो. उजवीकडे वा डावीकडे पडू लागलात तर एकचाकी आपणांस कोणतीही मदत करीत नाही. उलट तीही त्याच बाजूला आडवी होते. तो तोल स्वाराचा स्वतःचा. तो साधतो तोही मोठा चमत्कारिक: ज्या बाजूला पडत असाल त्याच बाजूला चाक वळवावयाचे. सायकलस्वारही हेच करतो, परंतु हँडल हाती असल्याने त्याला त्याचा पत्ता नसतो. येथे हँडल नाही. घोटे, कंबर, खांदे यांनीच ते वळण द्यावयाचे. चौसष्ट वर्षे जे शरीर उजवीकडे तोल गेला की डावीकडे अंग टाकावयास शिकले, त्याला आता उजवीकडेच जा म्हणून सांगावे लागते, आणि ते सहजी ऐकत नाही.

पहिला पंधरवडा आम्ही शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला धरून काढला. एक पाय फळीवर, पेटी पोटरीला टेकलेली, दुसरा पाय जमिनीवर. मग तो उचलावयाचा आणि भिंतीवर हात सरकवीत पुढे जावयाचे. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. सौभाग्यवती रोज रात्री तेल लावीत आणि लावताना जे बोलत ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्यांनी प्रथम विरोध केला, नंतर तह केला. तहाची कलमे तीन: डोक्यावर शिरस्त्राण, मनगटांना व गुडघ्यांना कवचे, आणि मैदानावर कोणी तरी जाणते माणूस हजर. ही कलमे आम्ही अक्षरशः पाळली. हात टेकून पडल्यास मनगट मोडते, हे कोणत्याही हाडवैद्याला विचारावे.

भिंतीचा गुण असा की ती पडू देत नाही, आणि दोषही तोच. हात भिंतीवर आहे तोवर तोल हाताकडे असतो. पायांना काही शिकावे लागत नाही. आम्हांला भिंतीपासून दूर नेले ते मैदानावर खेळणाऱ्या पोरांनी. त्यांतला एक दहा वर्षांचा मुलगा कधी या यंत्रावर चढलेला नव्हता, पण तळ्यावरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या आईमागून रोज चाललेला होता. तो म्हणाला, “बाबूजी, नीचे मत देखो. उधर देखो, इमली को.” आम्ही चिंचेकडे पाहिले. भिंतीवरचा हात केव्हा सुटला ते कळले नाही. सात-आठ हात अंतर गेलो आणि मगच खाली आलो. नजर पायांशी असली की डोळ्यांना जमीन तेवढी दिसते, क्षितिज दिसत नाही. आणि डोळेही तोलाचे एक इंद्रियच आहेत. हे आम्ही पुढे ग्रंथांतून समजून घेतले. त्या पोराला ते आधीच ठाऊक होते.

गोमंतकातील वाचकांना याचा दुसरा दाखला द्यावासा वाटतो. तेथे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन उतारू नेणारे ‘पायलट’ असतात. आम्ही एकदा मडगावाबाहेर अशाच एका पायलटामागे बसलो होतो. वळण आले, गाडी कलली, आणि आम्ही घाबरून उलट बाजूला अंग ताठ केले. पायलटाने मागे न पाहता सांगितले, “कितेंच जावचें ना. म्हजेवांगडा बागव.” माझ्याबरोबर वाक! मागे बसणाऱ्याने वळणात वाकावयाचे असते, ही साधी गोष्ट. एकचाकीवर पायलटही आपणच आणि मागे बसणारेही आपणच. दोघांचे एकमत व्हावे लागते.

उदयनगरच्या परिसरात कावडिया डोंगर आहे. दगडांचे लांब, कोनदार खांब एकावर एक रचून ठेवावेत तसा तो दिसतो, आणि दगडावर दगड मारला तर धातूसारखा नाद येतो. महाराष्ट्राचे कडे ज्या लाव्हाचे, त्याचाच हा भाग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो रस थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे खांब झाले. लोक म्हणतात, भीमाने हे दगड कावडीतून आणले. कथेतली कावड आम्हांला खरी वाटते. शिखर शिंगणापूरच्या चैत्रातील यात्रेत मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून कावडी वर नेतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की कावड स्थिर धरून कोणी चढत नाही. ती झुलते; झुलू द्यावी लागते. एकचाकीही उभी राहिली की कोसळते आणि धावू लागली की सरळ होते. शिकणाऱ्याला भीतीने हळू जावेसे वाटते, आणि हळू जाणेच सर्वांत कठीण असते.

तथापि आमच्या वयाच्या कोणालाही आम्ही ही सवारी सुचविणार नाही. वेग वाढवून मोटरच्या शक्तीची सीमा गाठली की तोल सावरावयास तिच्याकडे काही उरत नाही, आणि स्वार तोंडघशी जातो. यंत्र त्याआधी फळ्या मागे उचलून इशारा देते, तो मानणे शहाणपणाचे. आम्ही सायकलच्या वेगापुढे जात नाही आणि रस्त्यावर मुळीच जात नाही. उताराच्या बाजूलाही वळत नाही. हाडांची तपासणी करून घेतली, डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि बाथरूममध्ये कठडा बसवावयास सांगितले. तोही बसविला.

आमच्या चालीत फरक पडला आहे, असे सौभाग्यवती सांगतात. जिन्यावर आम्ही आता कठड्याला नुसता हात लावतो, मूठ आवळत नाही. त्या मैदानावर येऊन दगडावर बसतात. ‘पडाल’ म्हणत नाहीत, पण डोळ्यांवर पदर घेतात आणि फटीतून पाहतात. आमची प्रगती म्हणाल तर सरळ रेषेत शाळेच्या फाटकापासून चिंचेपर्यंत, आणि उजवीकडचे वळण. डावीकडचे अजून येत नाही. चिंचेपाशी गेलो की आम्ही उतरतो, यंत्राचे तोंड हाताने फिरवतो, घाम पुसतो आणि पुन्हा चढतो.