आधी ताण, मग ठोका

ठोका सुधारणाऱ्या एकट्या गोळीवर मी कधी विसंबत नाही. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की ऊसतोडीच्या टोळ्यांतले रुग्ण येऊ लागतात. त्यांत एखादी तिशीतली बाई असतेच. लहानपणी सांधे सुजले होते, ताप आला होता, पुढे ते विसरलं गेलं. आता म्हणते, "डाक्टर, छाती धडधड करस." नाडीवर बोटं ठेवली की दोन ठोक्यांतलं अंतर सारखं लागत नाही. त्या जुन्या तापाने मायट्रल झडप आकसलेली असते, तिच्यामागे रक्त तुंबतं आणि डावा वरचा कप्पा फुगत जातो. निरोगी बाईत तो चार सेंटिमीटरच्या आत मावतो; सहाच्या पुढे गेलेले मी पाहिले आहेत.

ठोका सुधारणारी औषधं आम्हाला वॉन विल्यम्सच्या तक्त्यातून शिकवली. हे सोडियमचा मार्ग अडवतं, ते पोटॅशियमचा, तिसरं कॅल्शियमचा. स्नायू किती ताणलेला आहे, याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

रकाना हवा होता, हे १९९७ मध्ये राव्हेली आणि अलेसी या संशोधकांनी सशाच्या हृदयावर दाखवलं. वरच्या कप्प्यांतला दाब वाढवत नेला, तसा एका ठोक्यानंतर स्नायूला लागणारा विसाव्याचा काळ सुमारे ८० मिलिसेकंदांवरून ५०च्या आसपास आला. आधी चेतवूनही न होणारी कप्प्यांची बेताल फडफड आता सहज होऊ लागली. मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: दाब उतरवला आणि तीन मिनिटांत सगळं पूर्ववत. कोणतंही औषध न देता!

ताणामुळे पेशीच्या आवरणातले काही मार्ग उघडतात, धन आयन आत शिरतात आणि अवेळी ठोका पडतो. गॅडोलिनियम हे मार्ग बंद करतं, पण ते रोज गिळायचं औषध नव्हे. २००१ मध्ये एका मोठ्या कोळ्याच्या विषातल्या पेप्टाइडने सशाच्या ताणलेल्या कप्प्यांतली फडफड रोखली. बातमी वाचून मी हरखलो होतो. माझ्या कपाटात मात्र आजही ॲमिओडेरोन, डिगॉक्सिन आणि बीटा-ब्लॉकरच आहेत.

फ्लेकेनाइड हे ठोक्याचं औषध अशा हृदयाला मी देत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे जादा ठोके ते आणि एन्केनाइड छान दाबत होते. कास्ट नावाच्या औषध-चाचणीत मात्र ती औषधं घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. त्या रुग्णांचा आजार वेगळा होता, हे खरं. पण ईसीजीची पट्टी सुधारली म्हणजे रुग्ण सुधारला, हा समज तेव्हापासून माझ्या मनातून गेला.

उसाची ट्रॉली बेसुमार भरायची आणि घसरली की ब्रेक बदलायचे, तसा काहीसा आमचा उपचार होतो. आधी ओझं उतरवावं लागतं: लघवीची गोळी, मीठ कमी आणि झडप त्याजोगी असेल तर फुग्याने ती रुंद करणं. अर्थात, वर्षानुवर्षं ताणलेल्या कप्प्यात तंतू माजलेले असतात. तो सशासारखा तीन मिनिटांत वळणावर येत नाही. मग ठोक्यांचा वेग आवरायचा, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन द्यायचं. ॲमिओडेरोन जोडलं तर वॉरफरिनचा डोस घटवायचा, थायरॉइड तपासायचं.

आणि लघवीची गोळी या बाया टाळतात. फडात आडोसा नसतो, टोळी थांबत नाही. गोळी बंद, पाणी साचलं, कप्पा पुन्हा ताणला, धडधड परत. तेव्हा चिठ्ठीवर ठोक्याची आणखी एक गोळी वाढवणं सगळ्यात सोपं असतं. मी आधी विचारतो, फडातून किती वाजता परतता? दुपारी तीन म्हणाली, तर गोळी तीनची. रात्री गाडी भरायला उठवतात म्हणाली, तर पुन्हा हिशेब मांडायला बसतो.