हौद्यातला उजेड

दातांत मोबाइल धरून माणूस किती वेळ काम करू शकतो, ते मी एकदा पाहिलंय. टोमॅटोचे साठ क्रेट पिकअपमध्ये चढेपर्यंत. मोबाइलची बॅटरी चालू, दोन्ही हातांत वीस किलोचा क्रेट, आणि मान अशी वर गेलेली की उजेड हौद्यात न पडता शेजारच्या उसात. "उसात पडतोय तेच बरंय मिस्तरी," तो क्रेट खाली ठेवून म्हणाला, "निदान डोळं चमकलं तर दिसतील." आमच्या जुन्नर तालुक्यात हे कुणी चेष्टेवारी बोलत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्रच उभं करावं लागलंय, आणि ऊस तर सगळ्यांच्याच बांधाला आहे.

नारायणगावच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, डायनामो, हॉर्न हे रोजचंच. पण टोमॅटोचा हंगाम आला की हौद्यात लाइट बसवायला पिकअपवाले यायला लागतात. माल संध्याकाळी खुडायचा, रात्री भरायचा, माळशेज उतरून पहाटे वाशीला पोचवायचा. कंपनी केबिनमध्ये एवढासा दिवा देते. हौद्यात काहीच देत नाही.

काम दिसायला अर्ध्या तासाचं. दोन दिवे, एक स्विच, थोडी वायर. शिकाऊ असताना मलाही तसंच वाटायचं. नवीन दुकान टाकलं त्या वर्षी एका गिऱ्हाइकाला घाई होती, आणि मलाही. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात टेल लाइटची वायर आयती होतीच. ती सोलली, तिलाच दोन हॅलोजन जोडले, वर टेप मारली. गाडी झगमगली, पैसे मिळाले. चौथ्या दिवशी तो परत आला आणि दुकानासमोर गाडी बंद करून बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. माळशेजच्या धुक्यात त्याचा फ्यूज उडाला होता. टेल लाइट गेले आणि त्याला पत्ताच नाही. मागून आलेल्या ट्रकने हात-दोन हातांवर ब्रेक मारला तेव्हा कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "काढून टाक तुझे दिवे."

हिशोब साधा होता, मीच केला नव्हता. पंचावन्न वॉटचा एक हॅलोजन बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. दोन म्हणजे नऊ. त्या फ्यूजच्या पोटात आधीच टेल लाइट, पार्किंग आणि नंबरप्लेटचा दिवा. दहा अँपिअरचा फ्यूज माळशेजपर्यंत टिकला, हेच नवल.

तेव्हापासून मूळ वायरिंगला मी हात लावत नाही. बॅटरीच्या प्लसवरून स्वतंत्र वायर काढायची आणि तिला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालायचा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. मधे कुठे पत्र्याला घासून ती सोलली, तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला वाली नाही. म्हणून तो तुकडा जेवढा आखूड तेवढा बरा. पुढे रिले. त्याच्या पायांवरचे आकडे जर्मन प्रमाणातले, पण आमच्याकडचं शाळा सोडलेलं पोरगंही ते पाढ्यासारखे म्हणतं: तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, पंच्याऐंशी-शहाऐंशी कॉइलला. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फक्त कॉइलचा चिमूटभर करंट जातो, जड ओझं रिले वाहतो. स्विचजवळ एक बारका लाल दिवा मी न विचारता लावतो. हौद्यातला उजेड चालू राहिला तर ड्रायव्हरला दिसत नाही, मागच्याच्या डोळ्यांत मात्र जातो. गाडीच्या मागं लाल दिसायला हवं. पांढरं चालतं ते रिव्हर्सला आणि नंबरप्लेटवर.

वायर मी नाना पेठेतून आणतो, आणि घेताना चाकूने खरवडून बघतो. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. दुकानदाराला माझी ही सवय आवडत नाही. जाडीवरूनही गिऱ्हाइकाशी वाद होतो. बॅटरीपासून फाळक्यापर्यंत सहा मीटर, परतीची वायरही बॅटरीपर्यंत नेली तर जाऊन-येऊन बारा. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीतून नऊ अँपिअर नेले तर जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि हॅलोजनचा उजेड निम्म्यावर येतो. अडीचची घेतली तर एक व्होल्टही जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं, दिवा मोठ्या वॉटचा लावा. मी म्हणतो, वायर जाड घ्या. आता एलईडी आल्यापासून हे भांडण निवळलंय: अठरा वॉटचे दोन मिळून तीन अँपिअर. रात्रभर चुकून चालू राहिले तरी सकाळी सेल्फ लागण्याची आशा असते. हॅलोजन राहिले की धक्का मारायची माणसं शोधावी लागायची.

माझे वस्ताद प्रत्येक जोडाला डाख द्यायचे, आणि ते बघणं हा सोहळा असायचा. पण हौद्यात मी डाख देत नाही, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. कथील वायरीत जिथवर चढतं तिथवर ती ताठ होते, आणि जिथं संपतं तिथं रस्त्याच्या हादऱ्यांनी तुटते. आत तुटते, वरून सालीत शाबूत दिसते. घट्ट दाबलेला लग बरा. दिव्याजवळ वायरीला खाली झोळ द्यायचा. पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, दिव्यात शिरत नाही.

खरी गोम मात्र अर्थची. वायर कुठून आणली हे सगळे विचारतात. करंट परत कसा जाणार, हे कुणी विचारत नाही. हौदा लोखंडाचा आहे, लाव कुठल्याही बोल्टला, असंच चालतं. पण हौदा चेसिसवर रबरावर नाहीतर लाकडावर बसवलेला असतो, वरून रंगाचे थर, सांध्यात गंज. अर्थ अर्धवट लागला की मागच्या दिव्यांच्या लीला सुरू होतात. इंडिकेटर दिला की टेल लाइट मिचमिचतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. करंटला आपली वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून घरी जातो. गिऱ्हाईक बल्ब बदलून, फ्लॅशर बदलून दमलेलं असतं. मी बॅटरीच्या मायनसवरून एक वायर ओढतो आणि मागच्या काळ्या वायरीला नुसती टेकवतो. सगळं शहाण्यासारखं वागायला लागतं. त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कौतुक कमी आणि संशय जास्त असतो: एवढ्याचे पैसे घेणार का हा? घेतो.

म्हणून हौद्यातल्या दिव्याची काळी वायर मी थेट चेसिसपर्यंत आणतो. तिथला रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचा, लग आवळायचा आणि वरून ग्रीसचा लपका. ग्रीस आधी नाही, नंतर.

गेल्या हंगामात एका जोडप्याची गाडी केली. भारीतले पांढरे एलईडी, वायर अडीचची, सगळं माझ्या मनासारखं. अंधार पडल्यावर त्यांच्याच मळ्यात जाऊन लावून दाखवलं. हौदा दुधासारखा उजळला. ते खूश. बाईंनी एक क्रेट पुढं ओढला, टोमॅटो हातात घेऊन फिरवला, दुसरा घेतला, मग दोन्ही दिव्याजवळ नेले.

"भाऊ, ह्यातला पिकलेला कुठला?"

मला सांगता येईना. त्या निळसर उजेडात लाल विटकरी दिसत होतं आणि केशरी मळकं. वाशीपर्यंत टिकायचा तो माल वेगळा, आणि उद्याच गळायला लागेल तो वेगळा. त्यांची सगळी कमाई त्या रंगात. नवरा म्हणाला, जाऊ दे, सवय होईल. बाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन समोर उभ्या राहिल्या, पदरात दोन टोमॅटो घेऊन. मी एकेक दिवा बॅटरीला लावत गेलो, त्या टोमॅटो धरत गेल्या. पिवळसर उजेडाचा एक जुना नग कपाटाच्या मागून निघाला, तिथं त्या थांबल्या.

ते दोन टोमॅटो माझ्या टेबलावरच राहिले होते.