पिवळा दिवा

चैत्राच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालो होतो. दिंडोरी मागे पडली आणि वणीच्या रस्त्यावर गाडीत, काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

"अहो, काहीतरी सांगतेय ती," सौ. म्हणाली.

"पिवळा आहे, लाल नाही," मी म्हणालो. मास्तरकी, दुसरं काय!

तसं माझं चूक नव्हतं. तेलाच्या किटलीचं लाल चित्र उजळलं, तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. तेलाचा दाब गेला की इंजिनाची वाट लागायला वेळ लागत नाही. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचं. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. बॅटरीचं चित्र दिसलं तर बॅटरीच गेली असं नव्हे, बहुधा चार्जिंग थांबलेलं असतं. पिवळा म्हणजे 'चालवा, पण लवकर दाखवा'.

ते 'लवकर' मी महिनाभर लांबवलं. मग नाशकातल्या एका गॅरेजात गेलो. त्यांनी स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं. (ही सोय अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची आहे, आपल्याकडे नंतर आली.) कोड आला पी ०१७१. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. "काका, सेन्सर गेलाय." बदलला. चार हजार गेले. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर!

शेवटी गावातच, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गाडी नेली. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि बराच वेळ नुसता कान देऊन ऐकत राहिला. मग एका रबरी नळीवर बोट ठेवलं. चिरलेली होती. मोजमाप झाल्यावर पुढे तिथून जास्तीची हवा आत शिरत होती.

"सर, कोड म्हणजे निदान नव्हे. कुठं बघायचं तेवढं तो सांगतो. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता."

दीडशे रुपयांत काम झालं. पण त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

पंचवीसेक वर्षांपूर्वी नववीत एक मुलगा होता. पहिल्याच तासाला पेंगायचा. मी त्याला बाकावर उभा करायचो, प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहायचो, 'अभ्यासात लक्ष नाही'. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. पुढे कळलं, शेतीला वीज रात्रीची असायची आणि वडील आजारी. द्राक्षबागेला पाणी द्यायला हाच रात्रभर जागायचा. त्याची जांभई खरं सांगत होती. मी जांभईलाच शिक्षा करत राहिलो. एकदा, फक्त एकदा, "रात्री झोपतोस किती वाजता?" एवढं विचारलं असतं तर?

असो. गाडीतला दिवा आता विझलाय. हल्ली कुठलाही दिवा लागला की मी आधी सौ.चं म्हणणं ऐकून घेतो. तिला याचं भारी नवल वाटतं. कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.