सुजलेली बोटे

इंग्लंडातील हिवाळा म्हटला की डोळ्यांपुढे बर्फ उभे राहते. वास्तविक तेथे बर्फाहून अधिक त्रास असतो तो ओलीचा. आठवडेच्या आठवडे झिमझिम पाऊस, धुके आणि दमट भिंती! पाणी गोठू नये, पण अंगातील ऊबही टिकू नये, अशी ती हवा. या हवेत हातापायांच्या बोटांना जो विकार जडतो, त्याला इंग्रजीत 'चिलब्लेन' म्हणतात. 'चिल' म्हणजे गारठा आणि 'ब्लेन' हा फोडासाठी जुना शब्द.

बोटे लालजांभळी होऊन सुजतात. त्यांची आग होते, आणि आगीहूनही असह्य अशी खाज सुटते. कधी कातडी फुटून व्रण पडतात. आपल्याकडे थंडीत टाचांना भेगा पडतात, ओठ उलतात. तो कोरड्या कातडीचा दोष. हा विकार निराळा. हिमदंशाहूनही तो निराळा आहे, कारण हिमदंशात मांस गोठते. येथे काहीच गोठत नाही.

वैद्यकाने त्याला 'पर्निओ' असे नाव दिले आहे. नाव मोठे भारदस्त वाटते; पण लॅटिन भाषेत 'पर्ना' म्हणजे डुकराची तंगडी, आणि तिच्यावरूनच पायाच्या या दुखण्याला नाव पडले! पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याने हे दुखणे नोंदले असून त्यावर ऊन सलगम बांधण्यास सांगितले आहे.

तो उपाय आज कोणी करू नये हे बरे. गारठ्यात शरीर आपली ऊब आतल्या अवयवांसाठी राखून ठेवते. त्यासाठी बोटे, कान, नाक यांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. अशी बोटे एकदम विस्तवापुढे धरली की रक्ताचा ओघ जोराने परततो, वाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि सूज चढते. म्हणून बोटे कोरडी करून हळूहळू ऊब द्यावयाची असते. एवढे केले, तर बहुतेकांची सूज एक ते तीन आठवड्यांत ओसरते.

परंतु कोरडे मोजे ज्यांना मिळतच नाहीत, त्यांनी काय करावे? १८२४ साली शार्लट ब्राँटी ही आठ वर्षांची मुलगी लँकेशायरमधील कोवन ब्रिज येथील शाळेत दाखल झाली. गरीब धर्मोपदेशकांच्या मुलींसाठी ती शाळा होती. तेथे अन्न वाईट आणि गारठा अतोनात. तिच्या दोघी वडील बहिणी, मारिया व एलिझाबेथ, तेथे आजारी पडल्या व १८२५ मध्ये घरी येऊन क्षयाने वारल्या. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा.

पुढे १८४७ मध्ये शार्लटने 'जेन एअर' ही कादंबरी लिहून प्रसिद्ध केली. तीतील लोवुड नावाच्या शाळेत मुलींना हातमोजे नाहीत, बूट नाहीत. रविवारी दोन मैल चालून प्रार्थनेस जावयाचे. जोड्यांत बर्फ शिरून वितळावयाचे. संध्याकाळी पाय जळजळत, आणि सकाळी तीच सुजलेली, ताठरलेली बोटे पुन्हा जोड्यांत कोंबावी लागत. शेकोटीभोवती थोरल्या मुलींची दुहेरी रांग. धाकट्या तिच्यामागे अंग चोरून बसलेल्या. ज्यांना ऊब अधिक हवी, त्याच विस्तवापासून दूर!

क्षयाने माणूस मरतो, म्हणून त्याची नोंद राहते. सुजलेल्या बोटांची नोंद कोण ठेवणार? लेखिकेने मात्र ती बावीस वर्षे ध्यानात ठेवली. पुस्तकावर तिने आपले खरे नाव घातले नव्हते आणि शाळेचेही बदलले होते. तरी काही वाचकांनी ती शाळा ओळखलीच.