पुण्यात बसून ॲमस्टरडॅम

व्हीपीएन घेताना ज्या चुका करता येतात, त्यांतली बहुधा एकही मी सोडलेली नाही. आधी फुकटचं घेतलं, मग तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरून स्वस्तातलं घेतलं, बँकेचं खातं अडकवून घेतलं आणि नेटवाल्या निरपराध मुलाशी भांडण काढलं. मी घरून अनुवादाचं काम करते. दिवसाचा बराच वेळ संगणकापुढे जातो, त्यामुळे यातलं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. त्या समजाची किंमत पैशात मोजली तर फार नाही. गेलेल्या संध्याकाळी मोजल्या तर मात्र बरीच आहे.

सुरुवात झाली ती भीतीने. यूट्यूबवर दर दुसऱ्या व्हिडिओत कोणीतरी सांगत असे की तुम्ही कॅफेत बसून बँकेचं काम करता तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचा पासवर्ड वाचतो. मी घाबरले. खरं तर बँका, ईमेल, सरकारी कामं यांची जवळजवळ सगळी संकेतस्थळं आता एचटीटीपीएसवर चालतात. आपण टाइप केलेलं तिथे आधीच कूटबद्ध होऊन जातं. कॅफेच्या वायफायवाल्याला किंवा घरच्या नेट कंपनीला साधारण एवढंच कळतं की आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो. व्हीपीएन लावलं की तेही त्यांना कळत नाही, पण मग ते व्हीपीएन कंपनीला कळतं. म्हणजे आपल्यावर नजर ठेवू शकणारा माणूस फक्त बदलतो. नव्या माणसावर जुन्यापेक्षा जास्त विश्वास का टाकायचा, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

पहिलं ॲप फुकटचं होतं. लाखो लोकांनी घेतलंय म्हणजे चांगलंच असणार, असा माझा हिशेब. फोन तापायचा, बॅटरी दुपारीच मान टाकायची आणि जाहिराती दुपटीने दिसायच्या. फुकटच्या ॲपचा खर्च कोण भागवतं हे बघायला हवं होतं. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी इतरांसोबत अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली होती. ३८ टक्के ॲप्समध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या आणि १८ टक्के ॲप्स माहिती कूटबद्धच करत नव्हती. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या ओनावोचं व्हीपीएन ॲप तर संरक्षणाच्या नावाखाली लोक फोनवर कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती गोळा करत होतं. २०१८ मध्ये ॲपलच्या आक्षेपानंतर ते ॲप स्टोअरमधून हटवावं लागलं. मी ॲप टाकलं तेव्हा हे सगळं छापून आलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

फुकटचं काढून टाकल्यावर मी शहाण्यासारखा अभ्यास करायला बसले. अभ्यास म्हणजे 'सर्वोत्तम १० व्हीपीएन' छापाच्या याद्या वाचल्या. त्या याद्यांवरच्या प्रत्येक दुव्यामागे दलाली असते, हे उशिरा लक्षात आलं. यादी करणारा आणि माल विकणारा एकाच घरचाही असू शकतो. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे आधीपासून काही व्हीपीएन सेवा होत्या. २०२१ मध्ये तिने व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या संकेतस्थळांची मालक कंपनी घेतली आणि त्याच वर्षी एक्स्प्रेसव्हीपीएनही. 'लष्करी दर्जाची सुरक्षा' या शब्दांनाही मी भुलले. ती म्हणजे एईएस-२५६, आणि तिचा वापर साध्या बँकेच्या संकेतस्थळावरही होतो.

'आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही' या वाक्यावर तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. हे वाक्य लिहायला पैसे पडत नाहीत. हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएननेही ते लिहिलं होतं, आणि २०२० मध्ये त्यांच्याच उघड्या राहिलेल्या सर्व्हरवर ग्राहकांच्या नोंदी सापडल्या. उलट उदाहरणही आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात गेले, तिथे ग्राहकांची माहितीच साठवलेली नव्हती, म्हणून रिकाम्या हातांनी परतले. वचनाची अशी कधी परीक्षा झाली आहे का, बाहेरच्या कोणी तपासणी करून तिचा अहवाल जाहीर केलाय का, हे बघायचं असतं. मी बघितली ती ८० टक्के सवलत, आणि ती संपायची वेळ उलटी मोजणारं घड्याळ. तीन वर्षांचे पैसे भरले. महिनाभरात परत मिळण्याची सोय होती, पण त्या महिन्यात कामाच्या गडबडीत मी ते ॲप धड उघडलंच नाही.

उघडलं तेव्हा यादीत भारताचा झेंडा दिसला. जवळचा सर्व्हर वेगवान असतो एवढं ठाऊक होतं, म्हणून तोच निवडला. तरी सगळं रेंगाळत होतं. सर्व्हर मुंबईत असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो सिंगापूरला होता. कारण २०२२ चं. त्या वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि त्याला दिलेले आयपी पत्ते ५ वर्षं जपून ठेवावेत. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. तेव्हापासून अनेक सेवांमध्ये 'भारत' म्हणजे पत्ता भारतीय आणि यंत्र परदेशातलं. माझं पुण्यातलं पान आधी समुद्र ओलांडून सिंगापूरला जायचं आणि मग परत यायचं. डब्लिनला असलेल्या मुलाला मराठी मालिका बघता याव्यात म्हणून मी हेच ॲप त्याच्याही गळ्यात मारलं होतं. त्याला मालिकेऐवजी 'व्हीपीएन बंद करा' अशी सूचना दिसली. असे पत्ते ओळखणं प्रक्षेपणवाल्यांना अवघड नसतं, आणि त्यांच्या अटींतही हे बसत नाही.

भारत सोडून मी नेदरलँड्स निवडलं. वेग बरा होता. त्याच भरात बँकेच्या संकेतस्थळावर गेले आणि तासाभराने फोनवरच्या ॲपमधून, व्हीपीएनशिवाय, पुन्हा आत शिरले. बँकेच्या दृष्टीने मी तासाभरात ॲमस्टरडॅमहून पुण्याला पोचले होते. खातं थांबवलं गेलं. शाखेत कागद घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे बघत गंभीरपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही परदेशात होतात का?" मी "नाही, कोथरूडला" म्हटल्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, ती मी विसरणार नाही. चूक बँकेची नव्हती. सुरक्षेसाठी घेतलेल्या वस्तूमुळे बँकेला मीच चोर वाटले होते.

त्यानंतर रागारागाने मी ॲप काढून टाकलं, आणि घरातलं माझं नेटच गेलं. नेटवाल्याला फोन केला, आवाज चढवला. मुलगा आला, त्याने राउटर बघितला, स्वतःच्या फोनवर गाणं लावून दाखवलं आणि म्हणाला, "काकू, नेट चालू आहे. तुमच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी बंद आहे." त्याचं बरोबर होतं. व्हीपीएन तुटलं तर सगळी वाहतूक रोखणारी 'किल स्विच' नावाची सोय मी चालू ठेवली होती. ॲप गेलं, पण त्याने लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये घातलेले नियम मागे राहिले. ॲप पुन्हा टाकून, ती सोय बंद करून, मग काढल्यावर नेट आलं. मुलाची मी क्षमा मागितली आणि त्याला चहा दिला.

तिसरी सेवा मी एका महिन्यासाठी घेतली. एवढी अक्कल आली होती. ही वायरगार्डवर चालणारी. वायरगार्ड ही जोडणीची नवी, आटोपशीर पद्धत. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पहिल्या दिवशी आयपी पत्ता तपासला तेव्हा आधीच्या दोन्ही सेवांचं पितळ उघडं पडलं. त्या फक्त आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीची वाहतूक झाकत होत्या. माझ्या नेट कंपनीने नवं आयपीव्ही६ ही दिलेलं आहे. ते उघड्यानेच चाललं होतं. म्हणजे एका पत्त्याने मी ॲमस्टरडॅमला आणि दुसऱ्याने घरीच! तपासणीत दोन्ही पत्ते बघायचे असतात आणि सोबत डीएनएसही, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर कोणाचा आहे ते. मी एकच बघून खूश झाले होते.

नव्या सेवेत गळती नव्हती, पण वेगळंच दुखणं निघालं. व्हॉट्सॲपवर शब्द जायचे, फोटो गोल गोल फिरत राहायचे. ईमेल यायची, पण जोडलेली फाइल पाठवताना सगळं गोठायचं. काही पानं झटकन उघडायची, काही अर्धी. मी डीएनएस बदललं, अँटीव्हायरस काढलं, शेवटी नवा राउटर आणला. फरक शून्य. नवा राउटर हा या प्रकरणातला सगळ्यात निरर्थक खर्च.

कारण निघालं ८ बाइटांचं. नेटवरून माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि एका पाकिटाची कमाल लांबी सहसा १५०० बाइट असते. माझी फायबरची जोडणी युजरनेम-पासवर्ड देऊन सुरू होते, म्हणजे पीपीपीओई प्रकारची; तिला स्वतःसाठी ८ बाइट लागतात, उरतात १४९२. वायरगार्ड प्रत्येक पाकिटाला आपलं वेष्टन घालते. वेष्टन आयपीव्ही४ वरून जाताना ६० बाइटांचं, आयपीव्ही६ वरून जाताना ८० बाइटांचं. म्हणून आतल्या पाकिटाची मर्यादा ती १४२० धरते. ८० मिळवले की बरोबर १५००. माझी वाट आयपीव्ही६ वरून जात होती, आणि तिच्यावर जागा होती १४९२ ची. छोटी पाकिटं सुटत होती, मोठी मात्र जिन्याच्या वळणावर कपाट अडकावं तशी अडकत होती. शब्द जातात आणि फोटो जात नाहीत, याचा उलगडा हा.

हे तपासायला फार काही लागत नाही. व्हीपीएन बंद ठेवून, पाकीट तोडू नये अशी अट घालून पिंग पाठवायचं आणि आकार वाढवत न्यायचा. माझ्याकडे १४६४ ला उत्तर आलं, १४६५ ला नकार. पिंगचे स्वतःचे २८ मिळवले की १४९२. मग सेटिंगच्या फाइलमधल्या एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल लांबीच्या, ओळीत १४१२ किंवा त्याहून कमी लिहायचं. मी १४०० लिहिलं आणि फोटो गेले. इतके दिवस ज्याचा दोष मी नेट कंपनीला, राउटरला आणि नशिबाला देत होते, तो एका आकड्याने मिटला.

एवढं झाल्यावर मग मी विचारलं की मला व्हीपीएन हवं कशाला होतं. खरी गरज एकच निघाली. कोकणातल्या घरी गेल्यावर पुण्याच्या संगणकातल्या फाइली हाताशी हव्यात. विकतचं व्हीपीएन हे करतच नाही. त्याला आपल्याच घराकडे येणारी वाट लागते, आणि तिथेही अडचण होती. माझ्या राउटरला मिळालेला आयपीव्ही४ पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटलेला. त्या पत्त्यावर बाहेरून थेट आत यायची सोय नाही. उपाय दोन: कंपनीकडून जास्त पैसे देऊन स्थिर पत्ता घ्यायचा, किंवा टेलस्केलसारखं वायरगार्डवर बेतलेलं साधन वापरायचं, जे दोन्ही टोकांकडून बाहेर जाऊन मध्ये गाठ घालून देतं. वैयक्तिक वापराला ते मोफत आहे. मी तेच लावलं. एका संध्याकाळचं काम होतं.

तेव्हा व्हीपीएन घ्यायचं मनात असेल तर आधी कागदावर लिहा: कोणापासून काय झाकायचंय? लिहिता आलं नाही तर पैसे देऊ नका. फोन आणि संगणक अद्ययावत ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा, दुहेरी पडताळणी चालू करा, घरगुती माणसाला त्याचा उपयोग जास्त. लिहिता आलंच तर एका महिन्याचं घ्या, रात्री नऊच्या गर्दीत घरच्या नेटवर चालवून बघा, दोन्ही पत्ते आणि डीएनएस तपासा, एक मोठी फाइल पाठवा. बँकेचं काम करताना ते बंद ठेवा. आणि नेटवाल्या मुलाला फोन लावण्याआधी व्हीपीएन बंद करून एकदा नेट बघा.