लॉग बुकात नसलेला रकाना

सरकारी सेवेतील माणूस चुकतो तेव्हा तो बहुधा स्वाक्षरी करून चुकतो. त्यामुळे त्याची चूक पुसली जात नाही. फाइलला टाचून ठेवली जाते. माझ्या हातून झाशीत झालेल्या अशाच एका चुकीविषयी आज लिहीत आहे. विषय वरकरणी मोटारीच्या इंजिनाचा आहे. प्रशासनावरील लेखांत तो कसा आला, हे वाचकांच्या पुढे लक्षात येईलच.

वर्ष 2007. झाशीत एका सरकारी कार्यालयाचा प्रमुख म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. मराठी माणसाला झाशी हे परगाव वाटत नाही. 1842 मध्ये जिथे मनूचे लग्न लागले आणि ती लक्ष्मीबाई झाली, ते गणेश मंदिर अजून उभे आहे. नेवाळकरांच्या काळात आलेल्या कुटुंबांचे वंशज मोडके का होईना पण मराठी बोलतात, आणि गणेशोत्सवात घरी बोलावून आग्रहाने जेवू घालतात. मात्र हा जिव्हाळा वैशाखापर्यंतच टिकतो. त्यानंतर बुंदेलखंडाचा खडक तापू लागतो, पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि परगाव म्हणजे काय ते कळते. त्यात ती सलग दुष्काळाची वर्षे. बैठका आणि पाहणी दौरे यांना अंत नव्हता.

कार्यालयाची एक पांढरी पेट्रोल मोटार होती आणि ती चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सारे कार्यालय त्यांना ‘चाचा’ म्हणे. मीही म्हणू लागलो. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेले, बोलणे मोजके, कपडे नेहमी धुतलेले. मी बैठकीत असलो की चाचा गाडी कडुनिंबाखाली लावून इंजिन सुरू ठेवत. साहेब बाहेर येतील तेव्हा गाडी गार असली पाहिजे, हा माझाच आदेश होता. तोंडी दिलेला. बैठक तासाची असो की तीन तासांची, इंजिन धुगधुगत राही.

सहा-सात महिन्यांनी लेखा विभागाने एक टिपण पुढे ठेवले. गाडीत इंजिन ऑइलची भर वाजवीपेक्षा फार जास्त पडत होती. लॉग बुकातील किलोमीटर आणि तेलाची बिले शेजारी शेजारी मांडून बाबूंनी सुबक तक्ता केला होता. तक्त्याचा अर्थ कोणी शब्दांत लिहिला नव्हता, पण तो स्पष्ट होता : तेल गाडीत जात नाही, बाजारात जाते. मी चाचांकडून स्पष्टीकरण मागवले. उत्तर दोन ओळींचे आले. गाडी तेल खाते आहे आणि बाहेरही टाकते आहे, मी वर्कशॉपमध्ये सांगितले होते, एवढेच. मला ते ‘असमाधानकारक’ वाटले. जादा तेलाची किंमत पगारातून तीन हप्त्यांत वसूल करावी, अशा आदेशावर मी स्वाक्षरी केली. रक्कम मोठी नव्हती. पण ज्याच्या सेवापुस्तकात तोवर एकही शेरा नव्हता, त्याच्या दृष्टीने ती किती मोठी होती, याचा हिशेब त्या तक्त्यात नव्हता. चाचांनी आदेशाची प्रत घेतली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नऊ वाजता गाडी दारात उभी केली.

पहिला हप्ता कापला गेल्यानंतरची गोष्ट. ललितपूरहून परतताना तालबेहट ओलांडले आणि गाडीत जळक्या तेलाचा उग्र वास भरला. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळून तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवर पडत होते. चाचांनी वाटेत दोनदा तेल घातले आणि हळूहळू गाडी झाशीपर्यंत आणली. संध्याकाळ झाली होती. आमचे नेहमीचे वर्कशॉप बंद होते. चाचा म्हणाले, सिपरी बाजारात एक जुना मिस्त्री आहे, रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेला. तिथे गेलो.

मिस्त्रींनी गळती पाहिलीच नाही. इंजिन सुरू ठेवायला सांगून त्यांनी टॅपेट कव्हरवरचे तेल भरायचे झाकण उघडले आणि त्या तोंडावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. तुकडा फडफडून उडाला. झाकणातून धूर धापा टाकल्यासारखा येत होता. “बैक कम्प्रेशन मार रही है,” ते म्हणाले. “इसकी साँस बंद है.” मग त्यांनी इंजिनावरून अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह उपसून माझ्या हातावर ठेवला आणि हलवायला सांगितले. चांगला व्हॉल्व्ह हलवला की आतली गोळी खुळखुळते. हा मुका होता. काळ्या चिकट गाळाने पार बसला होता.

त्या संध्याकाळी लाकडी बाकावर बसून मी जे शिकलो, ते असे. सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण कोणतीही रिंग शंभर टक्के घट्ट बसत नाही. नव्या कोऱ्या इंजिनातही थोडा वायू रिंगांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे तेलाच्या कोठ्यात, उतरतो. त्यात न जळलेले इंधन असते, पाण्याची वाफ असते, आम्ल असते. तो तिथेच कोंडला तर दोन गोष्टी होतात. तेलाचा गाळ होऊ लागतो आणि आतला दाब वाढतो. दाबाला वाट हवीच असते. ती न मिळाल्यास तो सर्वांत दुबळ्या जागी, बहुधा रबरी ऑइल सीलमधून, तेल बाहेर ढकलतो.

म्हणून इंजिनाला ‘श्वास’ दिलेला असतो. एअर फिल्टरकडून एका नळीने स्वच्छ हवा आत येते, आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तो कोंडलेला वायू इंजिनाच्याच शोषणाने ओढला जाऊन पुन्हा सिलिंडरमध्ये जळतो. इंजिन नुसते धुगधुगत असते तेव्हा शोषण तीव्र असते आणि व्हॉल्व्ह थोडाच उघडा राहतो; भार वाढला, शोषण घटले, की आतली स्प्रिंग त्याला अधिक उघडते. पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसवरील धुरकटीचा शोध घेताना ही नळीही एक गुन्हेगार ठरली, आणि 1961 पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना हा व्हॉल्व्ह बसू लागला. आपल्याकडील पीयूसीची तपासणी मात्र मागच्या नळीतून निघणारा धूर मोजते. या व्हॉल्व्हकडे ती पाहत नाही.

मी विचारले, हा बसला कशाने? मिस्त्रींनी उत्तर देण्याऐवजी चाचांकडे पाहिले. चाचा खाली पाहत होते. शेवटी मिस्त्रीच बोलले : गाडी उभी ठेवून इंजिन फार चालवले आहे. काटा पुढे सरकत नाही, म्हणून सर्व्हिसिंगची वेळ आली असे वाटत नाही. पण तेल जुने होतच असते, गाळ साचतच असतो.

मी गप्प झालो. त्या सुबक तक्त्याचा पाया किलोमीटर होता. कडुनिंबाखालच्या तासांना त्यात जागाच नव्हती. ते तास माझ्या आदेशाचे होते, आणि त्यांचे बिल मी चाचांच्या पगारातून वसूल करत होतो.

परतताना मी विचारले, “चाचा, तुम्ही हे लिहून का दिले नाही?” ते म्हणाले, “लिखने की जगह कहाँ थी, साहब?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी लॉग बुक उघडून पाहिले. तारीख, ठिकाण, किलोमीटर, प्रयोजन, अधिकाऱ्याची सही. खरोखरच जागा नव्हती.

जुनी बिलेही काढली. मागचे ऑइल सील त्याआधी एकदा बदलले होते. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे बिल भरभक्कम होते. पण गळती डोळ्यांना दिसत होती, म्हणून ते विनाहरकत मंजूर झाले होते. जो व्हॉल्व्ह बदलला असता तर कदाचित सीलही वाचले असते, त्याची किंमत त्या बिलाच्या मानाने नगण्य होती. तो दिसत नव्हता, म्हणून कोणी मागितला नव्हता. नवे सीलही त्याच दाबापुढे उभे केले, आणि तेही गेले.

वसुलीचा आदेश मी मागे घेतला. आदेश काढायला एक दिवस लागला होता. कापलेला हप्ता परत द्यायला अडीच महिने लागले, कारण वसुली चुकीची होती असे मानण्यास ‘आधार काय’ अशी पृच्छा आली. आधार म्हणून मी माझ्याच तोंडी आदेशाविषयी लेखी कबुली दिली. लॉग बुकात दोन रकाने वाढवले : उभ्या गाडीत इंजिन चाललेले तास, आणि चालकाचे निरीक्षण. बैठकीच्या वेळी इंजिन बंद ठेवण्याचा लेखी आदेश काढला. चाचांनी आभार मानले नाहीत, आणि ते योग्यच होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार स्वीकारला आणि नव्या चालकाला एवढेच सांगितले, की दुसऱ्या रकान्यात रोज काहीतरी लिहीत जा.

घराबाहेर, देशाबाहेर राहणारे वाचक स्वतःची गाडी स्वतःच राखतात, म्हणून थोडे व्यवहाराचे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, एअर फिल्टर तेलकट झाला, किंवा सील वारंवार गळू लागले, तर आधी श्वास तपासावा. इंजिन धुगधुगत असताना झाकणाच्या तोंडावर ठेवलेला कागद किंचित आत ओढला गेला पाहिजे. व्हॉल्व्ह सुटा असेल तर तो खुळखुळतो का ते पाहावे, नळ्या चिरलेल्या वा दबलेल्या नाहीत ना हे पाहावे, आणि शंका असेल तर धूत बसण्यापेक्षा तो बदलावा. टोरोंटोसारख्या थंड गावी छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. वाफेचे पाणी होते, नळीत गोठते आणि श्वास अडतो. अधूनमधून लांबची फेरी हा त्यावर साधा उपाय. अलीकडच्या अनेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो आणि आतला पातळ पडदा फाटला की पूर्ण कव्हर बदलावे लागते. तिथे वेळेवर तेल बदलणे हीच खरी काळजी.

झाशी हे रेल्वेचे गाव. त्या मिस्त्रींकडे मी पुढेही कधीमधी जात असे. त्यांनी सांगितले, की अल्को जातीच्या डिझेल इंजिनांत क्रँककेसमधला वायू ओढून बाहेर टाकायला विजेवर चालणारा वेगळा पंखाच असतो. आणि जनरल मोटर्सच्या बनावटीच्या इंजिनांत हा दाब वाढला तर इंजिन आपोआप बंद पडते. गाडी खोळंबली तरी चालेल, पण दाब कोंडता कामा नये, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब माणसे किंमत मोजून शिकली आहेत. सप्टेंबर 1947 मध्ये ‘रीना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या चाचणी फेरीत क्रँककेसमध्ये तेलाच्या वाफेचा स्फोट होऊन 28 माणसे गेली.

या विद्येत मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती तिची सुरुवात. रिंग गळणारच, हे इंजिन घडवणारा आधी मान्य करतो, आणि मग त्या गळतीला वाट आखून देतो. आम्ही कार्यालये घडवतो ती गळती नाहीच असे धरून. मग हाताखालच्या माणसाचे सांगणे आत साचत राहते, आणि जिथे सर्वांत दुबळा माणूस उभा असतो तिथून बाहेर पडते. डाग त्याच्या नावावर पडतो.

ती गाडी आता भंगारात गेली असेल; 15 वर्षांपुढील सरकारी वाहने 1 एप्रिल 2023 पासून मोडीत निघाली. त्या कार्यालयाच्या लॉग बुकात ते दोन रकाने अजून आहेत की नाहीत, हे मी विचारलेले नाही. मात्र त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिल्या आठवड्यात मी चालकाला एक प्रश्न विचारत आलो : गाडीबद्दल असे काय आहे, जे लिहायला तुम्हाला जागा नाही? उत्तर बहुधा गाडीबद्दल नसे. पण ते ऐकण्यासारखे असे.